‘येतो’ म्हणून निघालेली माणसं

खैरनार सरांना सायकलने उडवलं तेव्हा माझ्या हातात अर्धं पिळलेलं लिंबू होतं. पुढे तासभर मी ते तसंच मुठीत धरून बसले होते, हे दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं तेव्हा मला कळलं.

रविवारची सकाळ होती, साडेसातचा सुमार. नाशिकच्या एका जुन्या कालव्याच्या भरावावरून नऊ किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. त्याच्या कडेला ठिकठिकाणी आमच्या ‘कालवा सायकल मित्र’ मंडळाचे थांबे असतात, त्यातल्या एकावर मी असते. थांबा म्हणजे एक टेबल, एक हवेचा पंप, सरबताचं पातेलं आणि आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी. आमच्या घरचे आम्हाला रविवारी घरी थांबा म्हणत नाहीत, उलट वेळेवर चहा देऊन बाहेर काढतात. येणाऱ्याला थांबवायचं, चाकात हवा भरून द्यायची, ब्रेक तपासायचे, मागे लाल पट्टी चिकटवायची आणि सायकलीला घाबरणाऱ्याला धीर द्यायचा, असं आमचं काम.

खैरनार सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. सरबत प्यायले. मग एक पाय पेडलवर आणि एक जमिनीवर ठेवून दहा मिनिटं बोलले. आपल्याकडे माणूस निघतो म्हणजे लगेच निघतो थोडाच! निघायचं ठरवतो, मग खऱ्या गप्पा सुरू होतात. सरांनी नातवाची परीक्षा सांगितली, गुडघ्याचं दुखणं सांगितलं, हात वर केला आणि सायकल मार्गावर घातली. मागून बॅटरीच्या सायकलवरून एक मुलगी ताशी अठ्ठावीसच्या वेगाने आली. सरांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि तीन फासळ्या.

मुलगी खरचटलेल्या कोपराने रस्त्यात बसून रडत होती. “पण वेधने काहीच सांगितलं नाही! काहीच नाही सांगितलं!” ती एवढंच म्हणत राहिली.

स्ट्रेचरवरून सर म्हणाले, “माझी डबीसुद्धा गप्प होती, कुंदाताई. मग मी मागे वळून पाहिलंच नाही. माझंच चुकलं.”

मी कुंदा बोरस्ते. एसटीत सत्तावीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. माइकवरून गाड्या पुकारायच्या, फलाटावर लावायच्या, आणि मागे येणाऱ्या गाडीच्या आड कोणी येत नाही ना ते बघायचं. त्या सगळ्या वर्षांत माझ्या पाळीत एकही माणूस चाकाखाली गेला नाही, आणि हे मी अजून दर आठवड्याला कोणाला तरी ऐकवते. म्हणून ‘माझंच चुकलं’ हे सरांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फलाटावर एक गोष्ट मी शिकले होते, की एकाच जागी दुसऱ्यांदा कोणी थोडक्यात वाचलं, तर दोष माणसात नसतो, जागेत असतो. आणि आमच्या थांब्यापाशी त्या दोन महिन्यांत थोडक्यात वाचलेली माणसं मी स्वतः तीन मोजली होती.

आता ‘वेध’ काय ते सांगते. आम्हाला ग्रहणाचे वेध माहीत होते, हे नवे वेध दोन वर्षांपूर्वी लागले. बॅटरीच्या सायकली इतक्या वाढल्या, की कालव्यावर रोज दोन-तीन टकरा व्हायच्या. मग कालवा मार्ग प्राधिकरणाने दर पंचवीस मीटरला एक खांब उभा केला. खांबाला डोळा आणि कान. प्रत्येक सायकलच्या हँडलला काडेपेटीएवढी डबी. खांब माणसाकडे बघतो आणि पुढच्या तीन सेकंदांत हा काय करणार, ते ताडतो. माणूस वळण्याआधी त्याचा खांदा वळतो, खांद्याआधी मान आणि मानेआधी नजर. हे आपल्यालाही कळतं, पण गर्दीत एका वेळी एकाचंच कळतं. वेधला सगळ्यांचं एकदम कळतं. कोणी आडवं येणार असं दिसलं, की मागून येणाऱ्या सायकलची मोटर आपोआप मंदावते, दोघांच्याही डब्या थरथरतात आणि खांबावरचा हिरवा दिवा पिवळा होतो.

आणि खोटं कशाला बोलू, यंत्र गुणाचं होतं. टकरा दहाच्या एकावर आल्या. पण सोय झाली की सवय सुटते. लोकांनी सायकलची घंटी काढून टाकली, मग पुढे बघणंही सोडलं. डबी गप्प म्हणजे रस्ता मोकळा, असं सगळ्यांनी मनाशी धरलं. त्यात खैरनार सर आले आणि मीही आले.

हा वेध बनवणाऱ्या ‘वेधशील’ नावाच्या कंपनीत माझी मुलगी केतकी काम करत होती. हे मी मंडळात इतक्या वेळा सांगितलं होतं, की खांबाला कबुतराने घाण केली तरी लोक माझ्याकडे तक्रार आणायचे.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी प्राधिकरणाचं पत्र आलं. गेल्या सहा महिन्यांतल्या सातही घटना स्वयंसेवकांच्या थांब्यांजवळ घडल्या आहेत, तेव्हा थांबे धोकादायक दिसतात, ते कायमचे बंद का करू नयेत? सरांच्या अपघाताच्या कारणापुढे लिहिलं होतं, ‘अपघातग्रस्ताचे दुर्लक्ष’.

सुलभाताई देवरे पत्र हातात घेऊन टेबलाशी उभ्या होत्या. मंडळ त्यांनी काढलेलं. चौतीस वर्षं शाळेत, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. सदुसष्टाव्या वर्षीही त्या ‘ओळीत उभे राहा’ म्हणाल्या तर मी ओळीत उभी राहते.

“बंद करतात काय? बघतेच,” त्या म्हणाल्या. “पुढच्याच्या पुढच्या रविवारी आपली मुलांची फेरी आहे. अकरा शाळा, सहाशे मुलं. प्राधिकरणाच्या निकुंभ साहेबांशी आत्ताच बोलले. फेरी एकही अपघात न होता पार पडली, तर थांबे कायम राहतील, असा शब्द घेतलाय मी. आता कुंदा, कंबर कसायची.”

“ताई, पण सरांना का लागलं, ते कळल्याशिवाय सहाशे मुलं आणायची?”

“सरांचं लक्ष नव्हतं. त्यांनीच सांगितलं ना? मुलांना मी तयार करते. प्रत्येक थांब्यावर उतरायचं, पट्टी चिकटवून घ्यायची, आभार मानायचे आणि नीट निरोप घेऊन निघायचं. शिस्त असली की काही होत नाही.”

सुलभाताईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी एक वही आणली.

नियंत्रकाची वही म्हणजे काय, तर घडलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. पुढच्या रविवारी मी सरबताला हात लावला नाही. खुर्ची टाकून खांबासमोर बसले. कोण आलं, कधी निघालं, निघताना काय केलं, काय बोललं आणि दिवा हिरवा राहिला की पिवळा झाला, एवढंच लिहीत राहिले. सुलभाताई दोनदा येऊन ‘जनगणना चाललीय का?’ म्हणून गेल्या.

साडेदहापर्यंत एक्केचाळीस माणसं थांब्यावरून निघाली होती. त्यातल्या चोवीस जणांच्या वेळी दिवा पिवळा झाला, म्हणजे वेधला ती दिसली. सतरा जणांच्या वेळी दिवा हिरवाच राहिला. माणूस डोळ्यांदेखत मार्गावर उतरतोय आणि खांब म्हणतोय, कोणी नाही! त्या सकाळी कोणाला लागलं नाही, कारण त्यातले काही हाडाचे जुने सायकलवाले मागे वळून बघणारे होते आणि बाकीच्यांचं नशीब चांगलं होतं.

मी ते सतरा वेगळे काढले. आधी वाटलं, वय असेल. पण त्यात कॉलेजातली दोन मुलं होती. मग वाटलं, सायकलचा प्रकार असेल. तेही नाही. कान टोचलेला तो उर्मट पोरगा, जो फुकट हवा भरून एक शब्द न बोलता गेला, त्याच्यासाठी दिवा झटकन पिवळा झाला. नळकाम करणारा बिहारचा राजेंद्र ‘चलते हैं’ म्हणाला, पिवळा. दोन मुली ‘बाय’ म्हणाल्या, पिवळा. आणि आमच्या मंडळातल्या मालुताई, ज्यांच्यासारखं सावकाश या जगात कोणी चालत नाही, त्यांच्यासाठी हिरवा.

मालुताईंच्या नावापुढे मी लिहिलं होतं, ‘बरं, येते हं, म्हणाल्या.’

मी वर बघितलं. त्याच्या वरच्याच्या पुढे, ‘चला, येतो.’ त्याच्याही वर, ‘येतो मग.’ ‘येऊ का?’ ‘येते गं.’ सतराच्या सतरा! मला आधी हसू फुटलं. मग सर आठवले, त्यांचा तो वर केलेला हात आणि ‘चला कुंदाताई, येतो’, आणि हसू तिथेच थांबलं.

केतकी दर रविवारी संध्याकाळी माझ्याकडे जेवायला येते. मी तिच्यापुढे आधी पिठलं-भाकरी ठेवली आणि मग वही. उलटं केलं असतं तर ती जेवली नसती. तरीही तिने अर्धी भाकरी टाकलीच.

“वेध आपलं बोलणं ऐकतो?” मी विचारलं.

“सगळं नाही. फक्त हालचालीचे शब्द पकडतो, बाकी टाकून देतो. आई, सुरुवातीला कान नव्हताच. नुसता डोळा होता. पण थांब्यांवर डोळ्याला काही कळेना. माणूस एक पाय पेडलवर ठेवून पंधरा मिनिटं गप्पा मारतो. खांदा वळतो, परत वळतो. वेधला वाटायचं, हा निघाला, हा निघाला. तो दर वेळी मागच्या सगळ्यांच्या मोटरी मंदावायचा. रांगा लागल्या, लोक एकमेकांवर आदळले. म्हणून कान बसवला. शरीरावरून कळेनासं झालं, की बोलण्यावर भरवसा ठेवायचा. थांब्यांपाशी कानाचंच मत चालतं.”

“आणि ‘येतो’ ऐकलं की कान काय समजतो?”

वहीवर बोट ठेवून ती एकेक ओळ खाली उतरली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“थांब्याकडे येतोय, असं समजतो,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे मार्गावरून बाजूला होतोय. म्हणजे रस्ता मोकळा.”

“अगं, कोणत्या शहाण्याने हे—”

“मी.”

मी तिच्यापुढचं ताट बाजूला सरकवलं.

“मराठीची ध्वनिमुद्रणं फार थोडी होती, आई. तेवढ्यावर यंत्र आपलं आपण शिकेना. म्हणून त्याला एक दिशा-तक्ता दिला. हालचालीचा प्रत्येक शब्द आणि त्याची दिशा. ‘जातो’ म्हणजे लांब. ‘निघतो’ म्हणजे लांब. ‘येतो’ म्हणजे जवळ. तो तक्ता मी भरला. तीन दिवसांत भरला आणि लवकर संपवला म्हणून शाबासकी घेतली.” तिने वही मिटली. “चाचणीला ऑफिसातली माणसं कागद बघून वाचायची, ‘मी आता जात आहे’. कोण बोलतं असं? एकालाही खटकलं नाही. आम्ही सगळे मराठी. रोज घरातून ‘येतो’ म्हणून निघून ऑफिसला जाणारे! मी व्याकरण भरलं, आई. बोलणं भरलंच नाही.”

लेकीला रडताना बघून आईने जवळ घ्यावं, अशी रीत आहे. मी घेतलं. पण घेता घेता मी म्हटलं, “फेरी रविवारी आहे. किती दिवसांत दुरुस्त होईल?”

“शब्द बदलायला पाच मिनिटं. पण ‘येतो’ म्हणत खरंच येणारेही असतातच. सगळं पुन्हा शिकवून पुन्हा तपासायचं. नियमाने तीन आठवडे.”

“मग कान बंद करा.”

“मग सहाशे मुलं थांब्यांवर रेंगाळणार आणि मोटरी क्षणाक्षणाला आचके देणार. पहिल्यासारखे ढीग पडतील. आई, मुलं या मार्गावर नकोतच. तीन आठवडे नकोत.” तिने डोळे पुसले. “मी उद्या ऑफिसात सांगते.”

सोमवारी तिने सांगितलं. तिच्या साहेबांनी ऐकून घेतलं, गंभीर आहे म्हणाले आणि तीन आठवड्यांनी दुरुस्तीसोबतच प्राधिकरणाला कळवू म्हणाले. फेरी त्या तीन आठवड्यांच्या आतच येत होती, पण ते आमचं आम्ही बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

सुलभाताईंना मी मंगळवारी सांगितलं. त्या शाळेच्या पटांगणात दीडशे मुलांची तालीम घेत होत्या. मुलं सायकलवरून उतरत होती, नमस्कार करत होती, आणि निघताना एका सुरात म्हणत होती, “धन्यवाद काका, येतो!” “धन्यवाद काकू, येते!”

मी वही घेऊन ताईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

“निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, हे मी मुद्दाम शिकवलंय,” सुलभाताई कौतुकाने म्हणाल्या. “घरी आता कोण सांगतं?”

मी वही उघडून सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, “हे तू प्राधिकरणात बोललीस, तर ते फेरी रद्द करतील. फेरी नाही तर थांबे नाहीत. नऊ वर्षं मी या मार्गावर उभी आहे कुंदा. ज्यांना कोणी सायकल शिकवली नाही, अशा बायका आपल्याकडे येऊन शिकल्या. ते सगळं तू एका शब्दापायी घालवणार?”

“त्याच एका शब्दाने खैरनार सरांचं हाड मोडलंय, ताई.”

“मग शब्द बदलू! मुलांना ‘निघतो’ शिकवते. उद्याच्या उद्या. यंत्राला मराठी येत नसेल, तर आपण यंत्राचं मराठी बोलू फेरीचे पाच तास.”

“जमायचं नाही.”

“माझ्या शिस्तीवर विश्वास नाही तुझा?” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करून त्यांनी शिट्टी फुंकली. एकोणीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला पाठ दाखवली नव्हती. मला फार लागलं ते. पण मी त्याच दिवशी प्राधिकरणात जाऊन लेखी तक्रार दिली.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता निकुंभ साहेब थांब्यावर आले. सोबत एक कारकून, हातात तक्रारीचा फॉर्म. केतकी रजा टाकून आली होती. सुलभाताईही आल्या, पण खांबाच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

निकुंभ साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त पुरावा हवा होता आणि लवकर जेवायला जायचं होतं. “बाई, वहीवर मी सायकलमार्ग कसा अडवू? दाखवा काय ते.”

आम्ही मार्ग दोन्हीकडून दोऱ्या लावून रिकामा केला. आधी कारकुनाने सायकलवर पोतं बांधून बघू असं सुचवलं. पण पोत्याला मान नाही आणि खांदा नाही. वेध त्याला माणूस मानत नाही. खरा माणूसच हवा होता.

“मी उभी राहते,” मी म्हटलं.

“आई, अजिबात नाही.”

“सत्तावीस वर्षं मागे येणाऱ्या गाड्यांच्या मागे उभी राहिले मी. तुझ्या सायकलला घाबरू? तू चालव. वेग वीस ठेव आणि ब्रेकवर बोटं ठेव. दुसऱ्या कोणाच्या हातात मी ब्रेक देणार नाही.”

ती सायकल घेऊन साठ मीटर मागे गेली.

पहिल्या खेपेला मी एक पाय पेडलवर ठेवला, थोडी रेंगाळले, मग मोठ्याने ‘चला, निघते’ म्हणाले आणि सायकल मार्गावर घातली. दिवा पिवळा झाला. केतकीची सायकल आपोआप मंदावली आणि माझ्यापासून दहा पावलांवर चालण्याच्या वेगावर आली. निकुंभ साहेबांनी ‘छान’ म्हटलं.

दुसऱ्या खेपेला सगळं तेच केलं. फक्त म्हटलं, ‘चला, येते.’

दिवा हिरवाच राहिला. मी पुढचं चाक मार्गावर घातलं. केतकीची मोटर मंदावली नाही. मला तिचा चेहरा दिसत होता, दात आवळलेला, पांढराफटक. तिने दोन्ही ब्रेक दाबले, चाकं खरखरत घसरली आणि सायकल माझ्या चाकापासून हातभर अंतरावर आडवी थांबली. ती उतरली, सायकल तशीच टाकली आणि माझा दंड इतका घट्ट धरला, की चार दिवस वळ राहिले.

निकुंभ साहेबांनी रुमाल काढला. पण साहेबांच्या आधी सुलभाताईच पुढे आल्या.

“बघितलं. पटलं मला,” त्या म्हणाल्या. “पण मग उपायही सोपा आहे. मुलांनी ‘निघतो’ म्हणायचं. मी करून दाखवते. साहेब, बघा तुम्ही.” आणि त्यांनी माझ्या हातातून सायकल घेतली.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती परत मागे गेली, आणि या वेळी मी तिला सांगितलं, वेग बारा.

सुलभाताईंनी पाय पेडलवर ठेवला. पण नुसतं उभं राहून निघणं त्यांच्याने होईना. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या निकुंभ साहेबांना म्हणाल्या, “तुमच्या आईंची तब्येत कशी आहे आता?” साहेबही भाबडेपणाने सांगायला लागले, साखर वाढलीय, गोड सोडत नाही. सुलभाताई मनापासून ऐकत होत्या. म्हणाल्या, “त्यांना माझा नमस्कार सांगा हं. मेथीचं पाणी द्या सकाळी. बरं साहेब, येते.”

आणि सायकल मार्गावर घातली.

दिवा हिरवा. केतकी ब्रेक दाबत ओरडली. सुलभाताईंनी तेव्हा मागे पाहिलं, तर सायकल त्यांच्या मांडीला टेकून थांबलेली होती.

कालव्याच्या पाण्यावर कोणीतरी कपडे आपटत होतं, तेवढा आवाज येत होता. सुलभाताई सायकल धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलले. मला कळलं, त्या मनातल्या मनात शब्द परत म्हणून बघत होत्या.

“मी म्हणाले ‘येते’?” त्यांनी मला विचारलं.

“हो, ताई.”

“पक्कं ठरवून आले होते गं मी.” त्या सायकलवरून खाली उतरल्या. “मला पाच मिनिटं जमलं नाही. आणि मी सहाशे पोरांकडून पाच तास करून घेणार होते.”

मग त्यांनी पर्समधून चष्मा काढला, फोन काढला आणि तिथेच टेबलाशी बसून पहिल्या शाळेला फोन लावला. “नमस्कार सर, देवरे बोलतेय. फेरी कालव्यावर होणार नाही. आमच्या शाळेच्या मैदानावर होईल. नाही, रद्द नाही. मी रद्द म्हटलं का?” त्यांचा आवाज पहिल्या दोन फोनांना कापत होता. तिसऱ्यापासून मुख्याध्यापिकेचा झाला.

इकडे कारकुनाने फॉर्म काढला. मार्ग तीन आठवडे थांब्यांपाशी उतरूनच ओलांडायचा आणि बॅटरीच्या सायकलींना तिथे बंदी, हे साहेबांनी स्वतः लिहिलं. थांब्यांचं पुढे काय, ते नंतर बघू म्हणाले. मग ‘अपघातग्रस्ताचे दुर्लक्ष’ ही ओळ मी त्यांच्यासमोर खोडायला लावली. एकदा खोडून माझं समाधान होईना, म्हणून दोनदा.

“आता राहिला ‘चुकीस जबाबदार’ हा रकाना,” साहेब म्हणाले. तक्ता कोणी भरला, ते केतकीने त्यांना आल्याआल्याच सांगितलं होतं. त्यांनी केतकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणला. “बाई, तक्रारदार तुम्ही आहात, तुमच्या हाताने भरायचं. ‘यंत्र’ लिहा. मोकळं होईल सगळं. पोरीचं उगाच कशाला?”

पेन माझ्या हातात होता. मी काही देवमाणूस नाही. ‘यंत्र’ लिहावं असं मला फार वाटलं. यंत्राला ना नोकरी, ना साहेब, ना सासर. दोन अक्षरी शब्द आणि माझी लेक सुटत होती.

“‘यंत्र’ लिहिलं तर पुढे काय होतं?” मी केतकीला विचारलं.

ती खोटं बोलू शकली असती. “हा खांब बदलतात,” ती म्हणाली. “नवा खांब येतो, त्यात तोच तक्ता. आणि तोच तक्ता आणखी चार शहरांतल्या मार्गांवर चालू आहे. तिथे कोणी वही घेऊन बसलेलं नाही.”

“आणि तुझं नाव लिहिलं तर?”

“तर मी तक्त्यात काय भरलं ते शोधावं लागेल, आणि तो जिथे जिथे आहे तिथे थांबवावा लागेल.” ती फॉर्मकडे बघत म्हणाली. “माझं काय होईल ते मला माहीत नाही, आई.”

मलाही माहीत नव्हतं. मी रकान्यात लिहिलं, केतकी विलास बोरस्ते. तिचं शाळेत नाव घालताना मी हेच नाव असंच, संपूर्ण, याच अक्षरात लिहिलं होतं.

केतकीने माझ्या हातातून पेन घेतला. नावाच्या खाली तिने तक्त्याचा क्रमांक लिहिला, त्याच्या खाली चारही शहरांची नावं लिहिली आणि सही केली. निकुंभ साहेबांनी कागद दोनदा वाचला, शिक्का मारला आणि ते गाडीकडे गेले.

सुलभाताईंचा नववा फोन चालू होता. त्यांनी फोनवर हात ठेवून आम्हा दोघींकडे चष्म्यावरून पाहिलं.

“उभ्या काय राहिलात?” त्या म्हणाल्या. “मैदानावर चुन्याच्या रेघा कोण मारणार? अकरा थांबे आखायचेत. फक्त दोन दिवस आहेत.”

आम्ही चुना आणायला गेलो.